चोखेबाईंची कात्री

त्यांचं आडनाव जर्मनमध्ये लिहायला घेतलं तर अर्धी वर्णमाला खर्ची पडते, पण उच्चार मात्र सरळ 'चोखे' असाच. लाइपझिगमध्ये मला तीस वर्षं होत आली, तरी दारावर ही पाटी दिसली की आपल्याच कुणाकडे तरी आल्यासारखं वाटतं. फ्राउ रोझविथा चोखे. माझ्यासाठी चोखेबाई. हिशोबाला चोख, बोलायला त्याहून चोख, आणि कॉफीच्या बाबतीत कंजूष. त्यांच्या घरची कॉफी इतकी पातळ की कपाच्या तळाची फुलं वरून दिसतात. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, "फुलं दिसायलाच काढलीयेत, पोरी. झाकायची असती तर काढली कशाला असती?"

बाई कात्रीवाल्या होत्या. म्हणजे शिंपीण नव्हे. त्यांची आई प्लाउएनच्या लेसच्या कारखान्यात उसवलेल्या जाळीला टाके घालायची, आणि मुलीनं सतराव्या वर्षी रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीत फिती जोडायची नोकरी धरली. तेव्हा वादक एकच जागा चार-सहा वेळा वाजवत. त्यातला चांगला चांगला भाग कापायचा, एकापुढे एक चिकटवायचा, आणि त्याची मिळून एक मुख्य फीत करायची. वाजवणारे पुरुष, हुकूम सोडणारे पुरुष, आणि कापणाऱ्या सगळ्या बायका. कात्री पितळेची, कारण लोखंडी कात्री लागली की फितीत 'टक्' असा आवाज कायमचा शिरतो. चोखेबाईंची कात्री अजून त्यांच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली असते. "जोड ऐकू आला तर तो जोड नव्हे, अपघात," असं त्या म्हणतात. त्यांच्या जोडांपैकी एकही कधी कुणाला ऐकू आलेला नाही, आणि नेमकं तेच त्यांच्या संसारात शल्य होऊन बसलं.

माझं काम त्यांच्या कामाचं उत्तरकार्य म्हणा ना. जुन्या फितींवरचं संगीत नव्यानं उतरवून घ्यायचं, धूळ झाडायची, मूळ आवाज जेवढा मोकळा करता येईल तेवढा करायचा. परवाच्या हिवाळ्यात माझ्याकडे चौऱ्याहत्तर सालची एक फीत आली. ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्सर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि साथीला सगळा वाद्यवृंद. वाद्यवृंद इथलाच, एकल वादक झीगमार चोखे. हे नाव मी जाणून होते, पण ते वाद्यवृंदातल्या एका खुर्चीचं म्हणून. या माणसानं जन्मात कधी एकल वाजवलंय हे मला ठाऊक नव्हतं.

फीत यंत्रावर चढवली, सुरू केली, आणि वाद्यवृंदानं पहिली उसळी घेतली न घेतली तोच ती मधोमध सुटली. सुटलेलं टोक चक्रावर फटाफट आपटायला लागलं. मी ते जोडलं. वावभर पुढे गेली आणि पुन्हा सुटली. चाळीस वर्षांत चिकटपट्टीचा गोंद वाळून त्याचं पीठ झालं होतं. मी आईच्या भाषेत एक सणसणीत शिवी हासडली. परदेशी राहण्याचा तेवढा एक फायदा आहे. मग आमच्या कंपनीतला सगळ्यांत जुना माणूस म्हणाला, "ज्यांनी जोडलीय त्यांनाच बोलव. चोखेबाई आहेत अजून. बागेत सापडतील."

बाग म्हणजे शहराच्या कडेला भाड्यानं घेतलेला चौकोनी तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, आणि कुंपण किती उंच असावं याचे नियम. बाई वाफ्यावर पाचोळा पसरत होत्या. खोपटाच्या दाराशी त्यांचे यजमान झीगमारराव बटाटे सोलत बसले होते. उंच, वाकलेले, दोन्ही कानांत यंत्रं, आणि ती यंत्रं मधूनच शिट्टी मारायची.

"चोखेबाई," मी म्हटलं, "तुमचा चौऱ्याहत्तरचा ब्राम्स सुटा झालाय."

बाईंनी हळूच मागे पाहिलं. पण बहिऱ्या माणसाला जे ऐकू जाऊ नये तेच नेमकं ऐकू जातं.

"तो आधीपासून सुटाच होता," झीगमारराव बटाट्याकडे बघत म्हणाले. "हिनं शिवला होता."

"झालं सुरू!" बाई म्हणाल्या.

"काढताय वाटतं तो पुन्हा?" त्यांनी मला विचारलं. "काढा की. पण माझं नाव नको. 'वाद्यवृंद आणि कात्री' असं छापा. मी लेखी देतो."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांच्या हातातली सुरी थांबली होती, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मी हसू गिळलं. मुखपृष्ठ अजून छापायचं होतं. वादकानंच नाव काढा म्हटल्यावर आमच्या कंपनीनं ते मुकाट्यानं काढलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई स्टुडिओत यायला लागल्या. माझ्या शेजारी उंच स्टुलावर बसायच्या. यंत्र हळूहळू चालवायचं, जोड सुटला की थांबायचं, जुनी पट्टी सोलायची, पीठ पुसायचं, टोकाला टोक भिडवून नवी लावायची. आणि कापायला काही नसलं तरी कात्री आपली मांडीवर. पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "शेवटच्या भागाला मी फारसा हात लावलेला नाही हं. चार-दोन ठिकाणी असेल." त्या शेवटच्या भागात तर अक्षरशः हातहातभर अंतरावर जोड निघाले. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "म्हातारपणी माणूस स्वतःबद्दलसुद्धा थापा मारतो बघ!"

त्या हाताला चाळा असला की बोलायच्या. त्यातूनच मला सगळं कळत गेलं.

झालं असं होतं. कॉन्सर्टो वाजवायला मॉस्कोहून एक बडा वादक यायचा होता, तो आजारी पडला. चर्च भाड्यानं घेतलेलं, वाद्यवृंद जमलेला, यंत्रं मांडून झालेली. वरून निरोप आला, पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या मुख्य व्हायोलिनवाल्यालाच वाजवायला सांगा. पहिल्या खुर्चीवर झीगमारराव होते. त्यांनी तो कॉन्सर्टो विद्यार्थी असताना बसवला होता आणि पुढे घरी, दार लावून, वर्षानुवर्षं वाजवला होता. असा योग आयुष्यात एकदाच येतो, आणि तो आला तेव्हा त्यांचा सगळा सराव कुठल्या कुठे पळाला. पहिला आणि शेवटचा भाग तुकड्यातुकड्यांनी झाला. मधला संथ भाग दुपारी घेतला. सात-आठ वेळा तरी. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वाईट. शेवटी निर्मात्याचा आवाज भोंग्यातून आला, "धन्यवाद मंडळी. सगळं मिळालं."

या लोकांत 'सगळं मिळालं' याचा अर्थ छान झालं असा नाही. पुरेसे तुकडे हाती आले, आता शिवणकाम करून घेऊ, असा त्याचा अर्थ. चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येक वादकाला तो कळतो. झीगमाररावांनाही कळला. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, आणि त्यावर मऊ फडकं घालायचंसुद्धा विसरले.

त्यात त्याच वर्षी दोघांचं लग्न ठरलेलं. मग काय, वाद्यवृंदातल्या टवाळांना आयतं कोलीत मिळालं. "बायको असावी तर कात्रीवाली! झीगमारला हुंड्यात ब्राम्स मिळाला!" लग्नाच्या जेवणात कुणीतरी वधूला फुलांऐवजी कात्री भेट दिली. सगळे पोट धरधरून हसले. झीगमाररावही हसले. पण त्यानंतर त्यांनी आयुष्यात एकदाही एकल वाजवलं नाही. विचारणा झाल्या, त्यांनी नकार दिला. रेकॉर्ड बरी खपली. लोक वाखाणायचे, तसतसा यांचा चेहरा उतरायचा. घरात ती रेकॉर्ड कधी लागली नाही.

"पण तुम्ही त्यांना खरं काय ते सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"काय खरं?"

"कुठे किती कापलंत ते."

बाईंनी पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. "पहिला आणि शेवटचा भाग शिवलेलाच आहे, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण संथ भाग? त्या दुपारी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागायच्या आधी निर्माते म्हणाले होते, माइकच्या जागा बघू, एकदा नुसतं वाजवून घ्या. चर्चमध्ये थंडी होती, याच्या अंगात ओव्हरकोट तसाच. मी नवी फीत चढवली होती, ती नीट पळतेय का बघायला यंत्र चालू ठेवलेलं. आणि हा जो वाजवायला लागला..." त्यांनी पट्टीची कड पुन्हा एकदा दाबली. "मग कोट काढला, दिवा लागला, आणि सगळं बिघडत गेलं. पण ते पहिलं आमच्याकडे होतं. निर्माते म्हणाले ते 'सगळं मिळालं' त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, बाकीचं फेकून दे, आणि याला कात्री लावलीस तर तुझी बोटं कापीन. नाही लावली मी. एकही नाही."

"मग?"

"मग काय! चाळीस वर्षं सांगतेय. तो म्हणतो, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतेस. मी म्हणते, ऐकून तर बघ. तो म्हणतो, ऐकून काय कळणार? तूच म्हणतेस ना, तुझा जोड कुणाला ऐकू येत नाही?" बाईंनी कात्री रुमालात ठेवली. "बोल. यावर काय उत्तर देऊ? माझीच शेखी माझ्या गळ्यात."

फीत इतकी वर्षं कंपनीच्या कोठारात, मग बर्लिनची भिंत पडल्यावर कुणाकुणाच्या तळघरांत. ती बाईंच्या हाती पुन्हा येईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि आता आली, तर झीगमाररावांचे कान गेले होते. बोलणं यंत्रातून जेमतेम कळायचं. संगीत म्हणजे पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं, असं ते स्वतःच सांगत.

संथ भाग आम्ही शेवटी ठेवला होता. मी खरं सांगते, मला बाईंचं पटलेलं नव्हतं. माणसं स्वतःच्या आठवणीला इस्त्री करतात, मी पुष्कळ पाहिलंय. शेवटच्या भागाचं ताजं उदाहरण समोर होतंच. मी नव्या पट्ट्यांची गुंडाळी हाताशी ठेवली आणि यंत्र सुरू केलं.

आधी ओबो, आपल्या सनईचा चुलतभाऊ. लांबलचक, एकटा, सगळं गाणं तोच गातो, आणि व्हायोलिनवाला बिचारा हातात वाद्य धरून नुसता उभा. मग एक बारीक सळसळ आली. कोटाची बाही. आणि व्हायोलिन आलं.

मी या धंद्यात उभी हयात घातलीय. मोठमोठ्यांच्या फिती माझ्या हाताखालून गेल्यात, आणि मला सहसा काही होत नाही. त्या दिवशी झालं. त्या माणसाला कुणी ऐकतंय याची कल्पनाच नव्हती. कुणाला काही दाखवायचं नव्हतं, की काही सिद्ध करायचं नव्हतं. ओबोनं जे म्हटलं ते त्यानं फक्त जरा लाडानं पुन्हा म्हटलं, मग त्यात स्वतःचं काही मिसळलं, आणि मग तो इतका वर गेला की मी खुर्चीच्या कडेला सरकले. मला भीती वाटत होती. आता सुटेल, आता सुटेल. माझी नजर फितीवर खिळलेली. ती सरसर पळत होती, तपकिरी, गुळगुळीत, अखंड. जोड सुटला नाही. कारण जोड नव्हताच. शेवटचा सूर विरला, चर्चची हवा थोडा वेळ ऐकू आली, आणि भाग संपल्याची, आम्ही आधीच नव्यानं चिकटवलेली पिवळी पट्टी आली. माझ्या हातातली गुंडाळी घामानं ओली झाली होती.

"चोखेबाई," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, मीच रडत होते.

"मी सांगते त्यांना. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुझं ऐकेल होय तो? माझी कॉफी पिणारी तू, माझ्याच बाजूची!" एवढं बोलून त्यांनी फीत मागे घ्यायला सुरुवात केली. कात्रीवाल्या बायका फीत मागे घेताना तिच्या पाठीवर बोटाचं टोक हलकं टेकवून ठेवतात. जोडाची पट्टी किंचित जाड असते, ती बोटाला लागते, मग त्या जागी थांबून जोड तपासायचा. बाईंचं बोटही सवयीनं गेलं होतं. मधेच त्यांनी यंत्र थांबवलं आणि त्या आपल्याच बोटाकडे बघत राहिल्या.

"त्याचे कान गेलेत," त्या म्हणाल्या. "बोटं नाही गेलेली."

रविवारी दुपारी झीगमारराव स्टुडिओत आले. मी टेबलावर केक आणि बशा मांडल्या होत्या, त्यांनी आधी केककडे पाहिलं. "केक आहे म्हणून आलोय," ते मोठ्यानं म्हणाले. "ब्राम्ससाठी नाही." दोन फोडी खाऊन झाल्यावर त्यांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली, कारण माझ्या खोलीतल्या भोंग्यांपुढे ती शिट्ट्या मारतात. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

बाईंनी त्यांना हाताला धरून यंत्राशी बसवलं. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट उचललं आणि पळत्या फितीच्या पाठीवर टेकवलं. आधी पहिला भाग लावला होता.

"अरे!" ते म्हणाले. "लागलं काहीतरी." आणि लगेच, "आणखी एक. हा तिसरा. जोड आहेत होय हे?" बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं धरून ठेवलेला संशय खरा निघाल्याचा आनंद होता तो, आणि तो बघवत नव्हता. "हे तर माझ्या बापाच्या विजारीसारखं आहे, ठिगळावर ठिगळ! मी म्हणत नव्हतो? म्हणत नव्हतो मी, रोझी?"

"म्हण, म्हण," बाई म्हणाल्या, त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असून.

पहिला भाग संपला. प्रत्येक भागाच्या आधी आणि नंतर कोरी पिवळी पट्टी जोडलेली असते, ती त्यांच्या बोटाखालून गेली. बाईंनी यंत्र थांबवलं, पिवळी पट्टी त्यांना डोळ्यांनी दाखवली, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आता मधला.' त्यांनी खांदे उडवले आणि पिवळी पट्टी सरताच बोट पुन्हा टेकवलं.

ओबो सुरू झाला. मी ऐकत होते, बाई ऐकत होत्या, वाजवणारा ऐकत नव्हता. ते पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून, जोडाची वाट बघत होते. चोर पकडायला बसलेल्या माणसासारखे. बाही सळसळली, व्हायोलिन आलं, वर चढलं. चाळिशीच्या आतला एक माणूस कोट घालून खोलीभर वाजवत होता, आणि तोच ऐंशीच्या घरातला होऊन माझ्यासमोर बसला होता. दोघांत फितीएवढंही अंतर नव्हतं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मी आयुष्यात पाहिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

"काही लागत नाही," ते थोड्या वेळानं ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "यंत्र चालू आहे ना?"

बाईंनी फिरत्या चक्राकडे बोट दाखवलं.

त्यांनी बोट बदललं. पहिल्याच्या जागी दुसरं टेकवलं, मग पुन्हा पहिलं. चेहऱ्यावरची ती मघाची खुशी हळूहळू गेली. आता ते घाबरल्यासारखे दिसत होते. श्वाससुद्धा सांभाळून घेत होते, जणू श्वासानं जोड निसटून जाईल. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांच्या वर, टेकवलेले नव्हते.

आणि एकदम ते ताडकन सरळ झाले. "सापडला!" सगळा मजला हादरेल एवढ्या आवाजात. "सापडला! थांबव, रोझी, थांबव! हा बघ जोड! म्हटलं नव्हतं मी?"

मी यंत्र थांबवलं. त्यांनी बोट तसंच दाबून धरलं होतं. बाईंनी वाकून त्यांचं बोट हळूच बाजूला केलं. त्याखाली पिवळी पट्टी होती.

बाईंनी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या, "संपलं, झीगमार! तुझं वाजवून झालं!"

ते त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले. मग मागे, चक्रावर गुंडाळल्या गेलेल्या तपकिरी फितीकडे. मग आपल्या बोटाच्या टोकाकडे. बाईंनी आता हात त्यांच्या खांद्यावर ठेवले होते.

मुखपृष्ठाचा कागद मी टेबलावर ठेवला होता. मी तो त्यांच्यापुढे सरकवला आणि नावाच्या जागेवर पेन टेकवून प्रश्नार्थक पाहिलं.

"नावाचं मग बघू," झीगमारराव म्हणाले, आणि बोट परत फितीवर ठेवलं. "आधी मागे घे. पुन्हा लाव."

मी फीत मागे घेतली.